किल्ली पलीकडे दिली आहे

पुणे, 27 मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई "गॅसवर दूध आहे" म्हणते. म्हणून लिहिते आहे. ओटीवर बसून दोघांनी एकत्र वाचा. बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि मधली वाक्यं गाळायची नाहीत.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. घराची दुसरी किल्ली मी पलीकडच्या वहिनींकडे दिली आहे. मागच्या खेपेला निघताना दिली. आणि बाबांच्या चकरेचं, विहिरीपाशी पडल्याचं, नवीन गोळ्यांचं, सगळं त्यांना आणि समोरच्या नानांना सांगितलं आहे.

बाबा, चष्मा काढून ठेवू नका. पुढे वाचा.

आपल्या आणि त्यांच्या हद्दीवरच्या गडग्याचं, त्या दगडी कुंपणाचं भांडण मला माहीत आहे. आजी त्या वेळी काय म्हणाली होती तेही माहीत आहे. त्यात कोणाचं किती चुकलं यात मी पडत नाही, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागा असंही म्हणत नाही. पण आपल्या मागच्या पडवीतून हाक मारली तर ती त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जाते. पुण्याहून निघाले तर मला कोकणात अंजर्ल्याला यायला अर्धा दिवस लागतो, आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटात दरड आली तर तेवढ्यातही होत नाही. किल्ली कोणाकडे द्यायची हे ठरवताना मी एवढाच हिशोब केला. आणि खरं सांगू का, मी मागायच्या आधी वहिनींनीच हात पुढे केला. "इतकी वर्षं झाली, आता काय," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली देवघरातल्या खुंटीला अडकवली.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की तुम्हाला इकडेच आणावं. दर रविवारी तो तिकडून मला समजावतो. मी आता तो विषय सोडला आहे, आणि त्यालाही सोडायला सांगितलं आहे. गेल्या हिवाळ्यात तुम्ही इथे होतात तेव्हा मी पाहिलं ना. सगळं होतं, गिझर होता, लिफ्ट होती, खाली औषधाचं दुकान होतं. आपल्याच मजल्यावरचे आजोबा गेले ते आपल्याला लिफ्टमध्ये चिकटवलेल्या कागदावरून कळलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं पोट बिघडलं. रात्री म्हणाले, "भिंतीपलीकडे माणूस गेलं आणि आपण इकडे टीव्ही पाहत होतो गं." तेव्हाच माझं ठरलं. तुम्ही अंजर्ल्यातच राहायचं. पण मग अंजर्ल्यात राहिल्यासारखं राहायचं, ही माझी अट आहे.

कारण तुमचं काय चाललं आहे ते बघा. कोणाच्या म्हशीने दूध कमी केलं, नारळ उतरवणारा पाडेली उद्या कोणत्या आळीत येणार, कोणाच्या नातवाला कुठे ॲडमिशन मिळाली, मुक्कामाची गाडी आज का आली नाही, हे बाबांना सकाळी चहाच्या आत माहीत असतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी गेल्याचं आलं तर वय बाबा दुरुस्त करून देतात. आणि आईच्या पायरीवर शेवग्याच्या शेंगा, केळफूल, विरजणाची वाटी, काही ना काही ठेवलेलं नाही असा दिवस नाही. ऋषीपंचमीच्या भाजीला तर आई सहा घरच्या परड्यांतून माठ, भेंडी, अळू गोळा करते आणि शिजवून त्याच सहा घरी पोचवते. सगळ्या गावाची बातमी तुमच्याकडे. पण बाबा पडले, कोपर फुटलं, तासभर विहिरीच्या कठड्याला टेकून बसले, ही बातमी कोणाकडेच नाही! मलासुद्धा ती दूधवाल्याच्या मुलाकडून कळली. त्याला तुम्ही "मनूला सांगू नको" म्हणालात म्हणे. मी त्याला चॉकलेटं पाठवली आहेत.

3 जून जवळ आला की मला निसर्ग चक्रीवादळ आठवतं. 2020 साली वादळ तिकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आपल्याकडच्या पोफळीही आडव्या केल्या. त्या दिवशी दुपारनंतर तुमचा फोन लागेना. टीव्हीवर नुसते पत्रे उडताना दाखवत होते. मग कधीतरी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्यांचा धाकटा बोलत होता. पडलेल्या झाडांतून मोटरसायकल काढत तो रेंज मिळेल तिथपर्यंत गेला होता. त्याच्याकडे वहीचा एक कागद होता, त्यावर आळीतल्या प्रत्येक घराचा एकेक नंबर, आणि पुढे काय सांगायचं ते. आपल्या नावापुढचं त्याने तसंच वाचून दाखवलं, "दोघं बरी. पडवी गेली. काळजी नको." एवढं ऐकून मी रडले, तर तो म्हणाला, "ताई, बॅटरी कमी आहे, अजून पुष्कळ घरं आहेत." तेव्हाही गडग्याचं चालूच होतं, बाबा. त्याने आपलं घर कागदातून वगळलं नव्हतं.

आणि त्यानंतर वीज नसलेले ते सगळे आठवडे! जनरेटरवाल्यांकडे फोन चार्जिंगला लागलेली रांग, एकाची ताडपत्री अर्धी कापून दोन घरांवर, आईने आपल्या चुलीवर लावलेला मोठ्या पातेल्यातला भात. मदत हेक्टरी 50,000 जाहीर झाली तेव्हा बाबांनी हिशोब करून मला फोनवर सांगितलं होतं, "आपल्या आठ गुंठ्यांचे 4,000. मनू, रोपं आणायचं गाडीभाडंसुद्धा नाही." तरी पोफळीचं आगर पुन्हा उभं राहिलं, कारण पडलेली खोडं ओढायला गाव आळीपाळीने प्रत्येकाच्या आगरात गेलं. आपल्याकडेही आलं. तेव्हा घेतलंत ना? मग आता का नाही?

बरं, रागावू नका. मी कुठे तुम्हाला म्हातारं म्हणते आहे. बाबा, तुम्ही मला खांद्यावर बसवून कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढायचात आणि मी वरून तुमच्या कानाला धरून "डावीकडे, उजवीकडे" करायची. मला अजून तुम्ही तेवढेच उंच वाटता. पण यंदा वर जायचं तर गाडीरस्त्याने. रिक्षा नाना बघतील.

आता सूचना. आई, फळीवर चिकटवून ठेव.

पंप सकाळी पलीकडचा धाकटा लावेल. बाबांनी विहिरीकडे अंधारात जायचं नाही. खळ्यात शेवाळ धरायच्या आत ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्यायचं, बाई सांगून ठेवली आहे, तिचे पैसे मी देणार. बॅटरी उशाशी. रोज रात्री नऊला ओटीवरचा दिवा लावायचा आणि मग विझवायचा. तो लागला नाही तर नाना येऊन बघणार, असं ठरलं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांचा दिवा तुम्हीही बघायचा आहे. ते तर एकटेच आहेत, आणि तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरले आहेत, सोमवारच्या डब्यातली गोळी मंगळवारी घ्यायची नाही. साखर बघायचं यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही.

संध्याकाळचा डबा वहिनी देणार आहेत, आठवड्यातून चार दिवस. आई, तुझ्या हातच्या भाताला तोड नाही, पण तुझे गुडघे काय म्हणतात ते मी ऐकलं आहे, जिना चढताना ते मोठ्याने बोलतात. तुझी अडचण मला ठाऊक आहे. आलेला डबा रिकामा परत जायचा नाही, म्हणून त्यांनी भाजी पाठवली की तू सांदणं करत बसणार, त्या परत काही भरून देणार, आणि गुडघे आहेत तिथेच. त्यावर उपाय केला आहे. मी वहिनींना सांगितलं, जे द्यायचं ते केळीच्या पानात, नाहीतर पोफळीच्या झावळीच्या विरीत बांधून द्या. परत करायला भांडंच नाही! वहिनी खूप हसल्या. म्हणाल्या, "तुझी आई पान धुऊन त्यात खोबऱ्याची वडी घालून पाठवेल." तर तसं करायचं नाही.

मनाला लावून घेऊ नका. तुमची बातमी मी चव्हाट्यावर आणली असं बाबांना वाटेल, पण मी दोनच घरी बोलले आहे. बाकी आळीत ती आपोआप पोचली असेल तर त्याला माझा इलाज नाही, ते गाव तुम्हीच निवडलं आहे. नातीला परीक्षेनंतर पाठवते, ती पंधरा दिवस राहील आणि गोळ्या मोजेल. तिला पत्ते शिकवा, पण पैसे लावून नको.

आणि आई, फणस मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरकडे देऊ नको, मागच्या वेळी त्या वासाने अख्खी गाडी जागी राहिली. देणारच असशील तर कापा दे. बरक्याला इथे कोणी हात लावत नाही.

तुमची,
मनू