बाई, नसलेली तार सगळ्यांना दिसली!

नमस्कार बाई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

२२ फेब्रुवारीला थिंकिंग डे, म्हणजे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलचा (आमच्या भाषेत बीपीचा) वाढदिवस, त्यासाठी आमच्या कब-बुलबुलचं, म्हणजे छोट्या स्काउट-गाइडचं, नाटुकलं ठरलं तेव्हा माझ्याकडे होती त्याचं जन्मापासूनचं सगळं सांगणारी नऊ पानी स्क्रिप्ट आणि समोर सात-आठ वर्षांची चोवीस पोरं. पहिल्याच तालमीला दोघं रडली, आणि ज्याला बीपी केला होता त्याला दुसरं वाक्यच आठवेना. रात्री तुम्हाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत असतानाही तुम्ही तीन जिने चढून हॉलवर आलात.

आल्या आल्या पानं बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, आख्खं आयुष्य नको, फक्त मॅफेकिंग घे. दक्षिण आफ्रिकेतलं छोटंसं गाव, ऑक्टोबर १८९९ ते मे १९०० असा २१७ दिवस बोअरांच्या, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या सैन्याचा वेढा, आत बीपीचं इंग्रज सैन्य आणि काटेरी तारेची टंचाई, म्हणून बीपीने सैनिकांना सांगितलं की तार आहे असं समजूनच चाला, म्हणजे लांबून बघणाऱ्या बोअरांना ती खरीच वाटेल. "अगं, या वयाच्या पोरांना खोटं-खोटं खेळण्यात कोण हरवणार?" माझं निम्मं टेन्शन तिथेच गेलं.

आणि मग तुम्ही स्वतः करून दाखवलंत. निऱ्या जरा वर धरल्या, पाय हळूच उचलला, मधेच थांबलात, वाकून पदर तारेतून सोडवलात. सोडवला म्हणजे काय, तिथे काहीच नव्हतं! पण चोवीस पोरं श्वास रोखून बघत होती, आणि नंतर पाच मिनिटांत सगळा हॉल पाय उचलून चालत होता.

बुटांच्या खोक्यांत वाळू भरून ते सुरुंग म्हणून जपून नेणं (हेही तिथे खरंच घडलेलं), आधी गाढवावर आणि मग सायकलवर निरोप पोचवणारी कॅडेट पोरं, त्यांचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर वेढ्यातल्या पोस्टाच्या तिकिटावर सायकलसकट आला तो प्रसंग, त्यासाठी तुम्ही पुठ्ठ्याचं केवढं मोठं तिकीट कापलंत. एकेकाला एकच वाक्य, कोणी अडलं नाही.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही अडून बसलात त्याबद्दल वेगळे आभार. तिथले बारोलाँग जमातीचे आफ्रिकन लोकही लढले आणि उपासमार आफ्रिकन लोकांचीच जास्त झाली, हे वाक्य मी लहान मुलांना जड जाईल म्हणून काढत होते. तुम्ही म्हणालात, ते नसेल तर इतिहास अर्धाच. आमच्या सगळ्यात अबोल मुलीने ते म्हटलं, आणि हॉलमध्ये इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज येत होता.

शेवटी पोरं स्टेजवरून खाली उतरून तार ओलांडत प्रेक्षकांतून गेली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तार लागेल म्हणून आपले पाय आत ओढून घेतले. ते बघायला तुम्ही हव्या होतात बाई, गुडघ्याने घात केला.

रविवारी खोकी परत द्यायला सगळी टोळी तुमच्याकडे येतेय. तुमच्या दारासमोर तार लावायचा बेत चाललाय असं कानावर आलंय, तेवढा पाय जपून उचला.

तुमचीच,
कबवाली