‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमके काय करावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की पूरसूचना निघू लागतात. त्यांतले ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यकतेनुसार सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ अशा धर्तीचे वाक्य आम्हा सांगलीकरांना पाठ झाले आहे. आवश्यकता कोणी ठरवायची? सुरक्षित स्थळ कुठले? दत्तनगरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि दावणीची म्हैस सांभाळणाऱ्या बाईला ‘आज रात्री आठच्या आत निघा, अमुक शाळेत सोय आहे, जनावरे तमुक ठिकाणी बांधा’ एवढे कळले की पुरे.

धरणाच्या विसर्गाचेही तेच. ‘कोयनेतून इतके हजार क्युसेक’ हा आकडा खरा असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, हेही पाठ करता येईल. पण पाणी आपल्या उंबऱ्याला लागणार का, ते त्यातून समजत नाही. कोयना कराडला कृष्णेला मिळते, पुढे वाटेतल्या पावसाची भर पडते, आणि सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा फुगलेली असली की इथले पाणी लवकर ओसरत नाही. म्हणून सांगलीत जो तो ‘आयर्विनला किती फूट?’ (म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणीपातळी किती) एवढेच विचारतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग सूचना त्याच मापात का नसाव्यात? त्यातही सूर्यवंशी प्लॉटमध्ये 40 फुटांच्या आधीच पाणी शिरते. तिथल्या लोकांना इशारापातळीचा काय उपयोग?

2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. ‘2005 ला इथवर आले नव्हते’ म्हणत कितीतरी कुटुंबे घरातच थांबली होती. ‘या वेळी 2005 पेक्षा जास्त पाणी येईल’ असे वाक्य वेळेत कानावर पडले असते, तर त्यांतली बरीच निघाली असती, असे मला ठामपणे वाटते.

आपणही व्हॉट्सअॅपवर ‘पाणी झपाट्याने वाढतंय, सावध राहा’ असे पुढे ढकलतो. किती वाजता, कुठे, स्वतः पाहिले की ऐकले, एवढे तरी लिहावे.

माझी एक मागणी आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाटी लावा : आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येते, किती फुटांना घर सोडायचे आणि कुठे जायचे. मागच्या पुरांच्या खुणा भिंतींवर आहेत, म्हातारी माणसे माहिती द्यायला तयार आहेत. हे काम मे महिन्याच्या आत व्हावे.

– एक वाचक, गावभाग, सांगली