औषधाची स्ट्रिप कापून नेऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या नोकरीबद्दल आपल्या अंकात पुष्कळ वाचायला मिळतं: व्हिसा, पगार, घरभाडं, बँकेची खाती. आजारपणाबद्दल मात्र जवळपास काहीच नसतं, म्हणून हे पत्र. मी ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात इमर्जन्सी विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. नोकरीसाठी नव्याने आलेली, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिथे रात्री-अपरात्री येत. आजार बहुधा साधाच असायचा. गाडी अडायची ती माहितीपाशी.

एक गृहस्थ अजून डोळ्यासमोर आहेत. घामाने भिजलेले, बोलताना धाप लागत होती. रोज कोणत्या गोळ्या घेता, असं विचारल्यावर त्यांच्या पत्नीने पर्समधून रुमालात गुंडाळलेला स्ट्रिपचा तुकडा काढला. चारच गोळ्या, आणि कात्री नेमकी नावावरून फिरलेली. चंदेरी कागदावर शेवटची दोन-तीन अक्षरं आणि अर्धवट तारीख, बस. “बीपीची आहे, छोटी, पांढरी,” एवढंच त्यांना सांगता येत होतं. छोट्या पांढऱ्या बीपीच्या गोळ्या ढिगाने असतात. त्यातली नेमकी कोणती पोटात गेली आहे, हे कळल्याशिवाय पुढचं औषध देताना डॉक्टरांचा हात आखडतो. शेवटी मायदेशी फोन करून मूळ चिठ्ठीचा फोटो मागवला, तेव्हा उलगडा झाला. तोवर त्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर नुसत्या थरथरत होत्या.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच: गोळ्या मूळ खोक्यासह न्या, आणि एका कागदावर औषधाचं ब्रँडचं नव्हे तर मूळ, जेनेरिक नाव लिहा. सोबत मात्रा आणि वेळ. जागतिक आरोग्य संघटना 1953 पासून औषधांच्या अशा आंतरराष्ट्रीय नावांची यादी प्रसिद्ध करते, ती याचसाठी. ब्रँडच्या नावावर विसंबणं धोक्याचं असतं. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे प्रोस्टेटच्या त्रासावरचं औषध. इटलीत याच नावाने सूज उतरवणारं भलतंच औषध विकलं जात होतं. अशा सारख्या नावांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, 2006 मध्ये इशाराही दिला होता. जेनेरिक नावांतही थोडे अपवाद आहेत, तेवढे लक्षात ठेवा: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.

मधुमेह असणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. काही देशांत रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, तर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तिथला आकडा 18 ने गुणला की मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. म्हणजे 7 म्हणजे 126, आणि 10 म्हणजे 180. “साखर सात आहे” हे ऐकून, साखर पार उतरली म्हणून भराभर गोड खाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याहून गंभीर गोष्ट इन्सुलिनची. बहुतेक देशांत आता यू-100 इन्सुलिन मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. काही देशांत मात्र यू-40 अजून वापरात आहे आणि त्याच्या सिरिंजही वेगळ्या असतात. बॅगेतून आणलेल्या यू-40 सिरिंजमध्ये तिथलं यू-100 इन्सुलिन 20 च्या खुणेपर्यंत भरलंत, तर 20 नव्हे, 50 युनिट शरीरात जातील. माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरे. सिरिंज आणि बाटली यांवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी बघा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघायला शिकवा.

औषधं सोबत नेण्याआधी त्या देशाचे नियमही वाचा. सर्दीच्या साध्या गोळीत असणारं स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर ती गोळी जपानमध्ये नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांसाठी आधी परवानगी लागते.

नेलेल्या गोळ्या संपत आल्यावर डॉक्टर शोधू, असा विचार करू नका. परदेशातली चिठ्ठी बऱ्याच देशांत औषधाच्या दुकानात चालत नाही. ब्रिटन, नेदरलँड्ससारख्या देशांत तातडीचं काही नसेल तर आधी फॅमिली डॉक्टरकडेच जावं लागतं, थेट तज्ज्ञाकडे नाही. राहायची जागा ठरली की त्याच आठवड्यात नाव नोंदवून टाका, तब्येत ठणठणीत असली तरी.

अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर मुलांनाही पाठ हवा. युरोपीय संघात सगळीकडे 112, ब्रिटनमध्ये 999 किंवा 112, ऑस्ट्रेलियात 000. जपानमध्ये अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 119 आणि पोलिसांसाठी 110.

आणखी एक, मनापासून. रुग्णालयात दुभाषाचं काम आपल्या लहान मुलांवर टाकू नका. मुलं शाळेत भाषा चटकन उचलतात, म्हणून आईबाप त्यांना पुढे करतात. आईला रक्तस्राव होतो आहे, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाने अनोळखी डॉक्टरला सांगायचं? ते पोर मधले शब्द गाळतं, आणि नेमके तेच कामाचे असतात. दुभाषा द्या, असं स्पष्ट मागा. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत फोनवरून सोय होते, आणि अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना ती विनामूल्य द्यावीच लागते. पेनिसिलिनसारखी अ‍ॅलर्जी असेल तर ती त्या देशाच्या भाषेत लिहवून घ्या आणि चिठ्ठी पाकिटात ठेवा. बेशुद्ध माणसाचं पाकीट आम्ही आधी उघडतो.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की आपल्या पुरवणीत एक कापून ठेवता येईल अशी चौकट छापावी: नाव, रक्तगट, आजार, औषधांची जेनेरिक नावं व मात्रा, अ‍ॅलर्जी, विमा कंपनीचा चोवीस तासांचा क्रमांक, घरच्या माणसाचा फोन. मजकूर हवा असेल तर मी तयार करून पाठवते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका