परदेशात सेवेला जाणाऱ्यांना तिथल्या चालीरीती आधी सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी गुहागरचा, २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला गोरखा जिल्ह्यात व्हॉलंटियर म्हणून पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत शिकवायला गेलेलो, जाताना संस्थेने सामानाची भलीमोठी यादी दिली पण तिथे वागायचं कसं ते एका शब्दाने सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी मी माझ्या ताटातलं लोणचं मी राहत होतो त्या घरातल्या आजींना देऊ केलं, त्यांचा चेहराच उतरला. ते 'जुठो' झालं, म्हणजे आपलं उष्टंच की! घरी मी असं केलं असतं का? बाकी सकाळी नि रात्री डाळभात, सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा चालू, कॅलेंडरवर विक्रम संवताचं साल २०७२. दशैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, त्याच आजींनी दही, तांदूळ नि लाल रंग कालवून माझ्या कपाळाला टिका लावला, कानामागे जमरा खोचला, ते जवाचे पिवळे कोंब बघून आईच्या घटाचं रुजवण आठवलं नि डोळ्यांत पाणीच आलं.

आता आमच्या वाडीतली दोन मुलं जायचं म्हणतायत. संस्थांना कळकळीची विनंती आहे, निघायच्या आधी त्या गावातल्याच एखाद्या माणसाला फोनवर घेऊन तासभर तरी मुलांशी बोलू द्या.

– एक वाचक, गुहागर