दोन सर्व्हिसिंगच्या मधली मोटारसायकल

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर नव्या मोटारसायकलींची ताकद, रंगरूप आणि मायलेज यांची माहिती भरपूर येते. परंतु रोज कामावर जाण्यासाठी घेतलेली सव्वाशे ते दीडशे सीसीची साधी गाडी पुढची आठ-दहा वर्षे कशी सांभाळावी, याविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. बहुसंख्य मालकांची समजूत अशी असते की, ठरलेल्या वेळी गाडी गॅरेजमध्ये टाकली की आपले कर्तव्य संपले. माझे म्हणणे असे की, या गाडीचे खरे नुकसान दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात होते, आणि ते थांबवणे केवळ मालकाच्याच हातात असते.

चेनचेच उदाहरण घ्या. सर्व्हिसिंग काही हजार किलोमीटरनंतर येते. चेनला मात्र साधारण ५०० ते ७०० किलोमीटरनंतर आणि पावसात त्याहूनही लवकर साफसफाई आणि तेल लागते. म्हणजे एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत चेन कित्येकदा कोरडी पडते आणि धूळ-चिखल खात फिरत राहते. शिवाय चेन सैल झाली की खडखडते, म्हणून ती ताणून घेण्याकडे सर्वांचा कल असतो. पण फाजील ताणलेली चेन सैल चेनइतकीच, किंबहुना अधिक घातक असते. स्वार बसला की शॉकॲब्सॉर्बर दबतात, मागचे चाक वर सरकते आणि त्या हालचालीत चेन आणखी ताणली जाते. तिला ढिलाईच उरली नसेल, तर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांच्या) मधोमध, २० ते ३० मिलिमीटर वर-खाली होईल एवढी ढील सांगितलेली असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा आणि तो मोजण्याची पद्धत सोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते.

ही ढील एकाच जागी मोजून भागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावावी, न्यूट्रल करावी आणि मागचे चाक हाताने सावकाश फिरवत तीन-चार ठिकाणी चेन बोटाने उचलून पाहावी. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. एके ठिकाणी ती लोंबते, तर अर्धा फेरा पुढे गेल्यावर एकदम ताठ लागते. मोजमाप त्या सर्वांत ताठ जागेवर घ्यायचे असते. चेन ताणताना ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत आणि स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा दोन्हीकडे जुळतात का ते पाहावे, नाहीतर चाक तिरके बसते. सगळे झाल्यावर ॲक्सलचा नट पुन्हा नीट आवळला आहे ना, याची खातरजमा करावी. मागचा ब्रेक ड्रमचा आणि रॉडचा असेल, तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेक-पेडलची ढीलही बदलते, हे घाईच्या कामात हमखास राहून जाते, तीही तपासावी. आणि एक कळकळीची विनंती: इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये फिरणाऱ्या चेनला फडके लावून ती पुसणे कृपया कोणीही करू नये. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याच्याबरोबर बोटेही जातात. चाक हाताने फिरवायला वेळ लागतो, पण बोटे शाबूत राहतात.

इंजिन ऑइलच्या बाबतीतही अशीच गफलत होते. या गाड्यांमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल असते आणि तेच पिस्टनला, गिअरना आणि क्लचला पुरे पडायचे असते. क्लचप्लेटा या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा (जासो हे जपानी मानक) लिहिलेला पाहून, मोटारसायकलसाठीचेच ऑइल घालावे. मोटारगाडीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इथे घातली तर क्लच घसरू लागतो. पातळी पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची डिपस्टिक चुकीची पातळी दाखवते आणि मग माणूस निर्धास्त राहतो किंवा उगाच जास्त ऑइल भरतो. एवढ्याशा साठ्यातले पाव लिटर जरी कमी झाले, तरी उरलेल्या ऑइलवरचा ताण किती वाढतो हे सांगायला नको.

टॅपेटविषयी, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह (झडप) दाबून उघडणाऱ्या भागाविषयी, एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. इंजिनाचा टकटक आवाज बंद झाला म्हणजे काम चांगले झाले, असे ग्राहक मानतो आणि त्याच्या समाधानासाठी काही ठिकाणी टॅपेट गरजेपेक्षा घट्ट केले जातात. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि ती थंड इंजिनावर, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून ठेवायची असते. ती नाहीशी झाली की तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. आपली उष्णता ज्या बैठकीला द्यायची तिच्यावर तो नीट टेकतच नाही आणि त्याची कड जळू लागते. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी होते आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. थोडा आवाज करणारे टॅपेट हे अगदी गप्प टॅपेटपेक्षा बरे, असे मला ठामपणे वाटते.

टायरमधली हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी आणि मागे कोणी बसणार असेल तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा पाळावा. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा चार अंकी शिक्काही असतो. ‘२३२१’ याचा अर्थ २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना तो वाचून घ्यावा, कारण नुसते ठेवूनही रबर कडक होत जाते. डिस्क ब्रेकचे ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेते आणि त्यामुळे लांबच्या उतारावर ते लवकर उकळू शकते. म्हणून ते सहसा दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. ब्रेक लागतो आहे म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

धुऊन चकचकीत केलेली गाडी म्हणजे सर्व्हिसिंग झालेली गाडी, हा समज तर सोडूनच द्यायला हवा. जोराच्या पाण्याचा फवारा चाकांच्या बेअरिंगजवळ मारल्याने तिथले ग्रीस निघून जाण्याचा धोका असतो आणि चेनवरचे तेलही धुऊन जाते. गाडी धुतल्यावर चेन पुसून तिला लगेच तेल देणे आवश्यक आहे. ते दिल्याशिवाय ग्राहकाने गाडी ताब्यात घेऊ नये.

यातले बरेचसे पुस्तिकेत छापलेले असते, पण ती बहुतेक घरी कागदपत्रांच्या पिशवीत न उघडता पडून असते. ज्यांची रोजची कमाई याच गाडीवर अवलंबून आहे, त्यांचा गाडी बंद पडली की दिवस बुडतो. त्यांना ही माहिती सोप्या मराठीत मिळाली तर मोठाच आधार होईल. म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, वाहनविषयक पानावर आठवड्यातून एकदा, अनुभवी मेकॅनिककडून लिहवून घेतलेले देखभालीचे सदर सुरू करावे. त्यात एका वेळी गाडीचा एकच भाग घ्यावा, छायाचित्रे द्यावीत, आणि मालकाने घरी काय करावे व कोणते काम मेकॅनिककडेच सोपवावे, हे स्पष्ट सांगावे. सुरुवात चेनपासून झाली तर उत्तम.

आपला नम्र,
एक मोटारसायकलस्वार वाचक