आमराईही उद्यानाच्या इतिहासात हवी

रविवार पुरवणीतील भारतीय उद्यानांच्या इतिहासावरील लेख आवडला. मात्र त्याचा आरंभ बाबराच्या चारबागांपासून, म्हणजे चार भागांत आखलेल्या मुघल बागांपासून, केलेला पाहून वाईट वाटले. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभ्या असलेल्या अशोकस्तंभावरील सातव्या लेखात, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे स्पष्ट नमूद आहे. कारंजी आणि आखीव वाफे म्हणजेच उद्यान असे मानले, तर ही सारी परंपरा इतिहासातून गळते.

मराठी वाचकाला तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, म्हणजे मराठेशाहीतील राज्यकारभारावरचा ग्रंथ, आठवायला हवे. आरमारासाठी लाकूड हवे असतानाही आंबा-फणसाची झाडे रयतेची म्हणून तोडू नयेत, हे त्यात बजावले आहे, कारण ती रयतेने 'लेकरांसारखी' वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड हवे असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे, असेही त्यात सांगितले आहे. झाडाच्या मालकाची संमती राज्यकर्त्याने मागावी, हा विचार मला कोणत्याही शाही बागेपेक्षा मोलाचा वाटतो. लेखमालेच्या पुढील भागात देवराया, आमराया आणि रस्त्याकडेचे वड यांना सविस्तर जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक