शनिवारची गट बैठक: बचत आणि पासबुक घेऊन या

सर्व ताईंना नमस्कार.

या शनिवारी दुपारी ३ वाजता अंगणवाडीत आपल्या बचत गटाची बैठक आहे. बचत, कर्जाचा हप्ता आणि पासबुक घेऊन स्वतः यावे. मागच्या वेळी चार जणींनी पैसे शेजारणीच्या हाती पाठवले. बचत जमा झाली, पण सह्या नाहीत म्हणून ठराव अडला.

मुख्य विषय बँक कर्जाचा. पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. बँक वहीत नेमके हेच पाहते. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने १९९२ साली ५०० गटांपासून बँक जोडणी (गटांना बँकेचे कर्ज) सुरू केली, तेव्हापासून गटाची शिस्त हेच तारण. आजही १० लाखांपर्यंतच्या गट कर्जाला तारण लागत नाही. कोणी सातबारा मागितला तर देऊ नका, आधी मला किंवा सीआरपी ताईंना (गावात गटांना मार्गदर्शन करणाऱ्या) सांगा.

कर्ज कशासाठी हवे ते सगळ्यांसमोर बोलायचे. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, दवाखाना, काहीही चालेल. स्वतःच्या नावावर उचलून दुसऱ्याला देणे मात्र चालणार नाही. (कोणाला म्हणतेय ते तिला कळेल!) खासगी फायनान्सचा हप्ता चालू असेल तर तोही लपवू नका, किती झेपेल ते त्यावरूनच ठरेल.

गैरहजेरीचा दंड १० रुपये. कांदा काढणीला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवले तर माफ.

– सचिव